ज्या परीक्षेत कुणाचाच नंबर येत नाही

१२ नोव्हेंबर २०२१ ला देशभर एकाच दिवशी राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झालं. मी तेव्हा डी.एल.एड.च्या, म्हणजे शिक्षक होण्याच्या पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाला होते आणि नाशिक जिल्ह्यात, सुरगाणा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत क्षेत्रीय अन्वेषक, म्हणजे चाचणी घेणारी बाहेरची व्यक्ती, म्हणून गेले होते. आता मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि तीच परीक्षा नव्या नावानं माझ्या वर्गात येऊन गेली आहे. दोन्ही बाजूंनी ती पाहिलेल्या शिक्षिका फारशा नसतील, म्हणून लिहायला घेतलं. शिक्षकांच्या गप्पांत हा विषय निघाला की ‘आणखी एक काम लावलं’ इथंच संपतो. पालकांना तर आपल्या मुलानं असं काही दिलं याचा पत्ताच नसतो. मला मात्र ही परीक्षा मोलाची वाटते. त्यामुळेच आपण तिचं जे करून ठेवतो त्याचा रागही येतो.

आपल्याकडे शाळेतली मोठी परीक्षा म्हटलं की स्कॉलरशिप डोळ्यांपुढे येते. दोन पेपर, प्रत्येकी दीडशे गुण, गुणवत्ता यादी, आणि मग चौकात मुलांच्या फोटोंचा फ्लेक्स. त्या परीक्षेत मूल निवडलं जातं किंवा राहून जातं. संपादणूक सर्वेक्षणात तसलं काहीच नसतं. मुलाला गुण कळत नाहीत, शाळेलाही कळत नाहीत, कुणी पास नाही, कुणी नापास नाही. २०२१ ला तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीच्या सुमारे ३४ लाख मुलांनी ते दिलं. शाळा होत्या १ लाख १८ हजारांच्या आसपास, जिल्हे ७२०. चाचण्या एनसीईआरटीनं तयार केलेल्या आणि घेण्याची जबाबदारी सीबीएसईकडे. या सगळ्यातून कळायचं ते जिल्ह्याचं, राज्याचं आणि देशाचं: तिसरीतल्या मुलाला जे यायला हवं, ते किती मुलांना येतं.

शितावरून भाताची परीक्षा, हे तत्त्व. पण मग शीत कुठलं उचलायचं हे स्वयंपाक करणाऱ्यानं ठरवून चालत नाही. म्हणून शाळा वरून निवडलेल्या येतात, वर्गात एकाहून जास्त तुकड्या असतील तर चिठ्ठी टाकून एक घ्यायची, आणि पट मोठा असेल तर त्यातली तीसच मुलं, तीही ठरवून दिलेल्या पद्धतीनं. शिक्षकानं ‘ही हुशार आहेत, हीच घ्या’ म्हणायला जागा ठेवलेली नाही. चाचणीच्या वेळी वर्गशिक्षक वर्गात थांबत नाहीत. त्यासाठीच आमच्यासारखे बाहेरचे लोक.

प्रशिक्षणात आम्हाला बजावून सांगितलं होतं: सूचना वाचून दाखवायच्या, खूण कशी करायची ते फळ्यावर दाखवायचं, पण प्रश्न समजावून सांगायचा नाही. मूल अडलं तरी नाही, मूल रडवेलं झालं तरी नाही. शिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्या आम्हाला हे फार जड गेलं. दोन वर्षं आम्हाला उलटंच शिकवत होते, मूल अडलं की त्याच्याजवळ जा, त्याच्या भाषेत बोला.

तो करोनाचा काळही आठवावा लागेल. खेड्यांत पाचवीपासून पुढचे वर्ग ४ ऑक्टोबरपासून सुरू झाले होते, पण पहिली ते चौथीच्या वर्गांची घंटा अजून वाजायची होती. ती वाजली १ डिसेंबरला. म्हणजे ज्या तिसरीची मी परीक्षा घ्यायला निघाले होते ती मुलं शाळेच्या बाकावर शेवटची बसली होती पहिलीत असताना, मार्च २०२० मध्ये. दुसरी त्यांनी घरीच काढली. त्या भागात मोबाइलला रेंज मिळवायला टेकडीवर जावं लागतं, तेव्हा ऑनलाइन वर्ग म्हणजे काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. गुरुजी पाड्या-पाड्यांवर जाऊन स्वाध्याय देत होते, त्यावर जेवढं निभलं तेवढं.

दिवाळी नुकतीच झाली होती आणि एसटीचा संप सुरू होता. गट पातळीवरून सीलबंद पाकिटं घेऊन सकाळी वेळेवर शाळेत पोचायचं, आणि गाड्या बंद. माझ्याबरोबरच्या मुली कुणी भावाच्या दुचाकीवर, कुणी काळी-पिवळीत दाटीवाटीनं बसून गेल्या. मला वडिलांनी सोडलं. ‘एका दिवसाच्या परीक्षेसाठी एवढा आटापिटा?’ असं त्यांनी वाटेत विचारलं. देशभर तीच वेळ आहे, ती चुकवता येत नाही, एवढंच मी सांगितलं.

शाळेत पोचल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती पटाची. तिसरीचा पट तीसच्या आत होता, त्यामुळे सगळीच मुलं बसवायची होती. पण हजेरीवरची कितीतरी नावं समोर नव्हती. भातकापणी उरकली की सुरगाणा-पेठकडची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर मजुरीला उतरतात, आणि मुलं आईबापांबरोबर जातात. त्यांची नावं मी ‘गैरहजर’ म्हणून नोंदवली. ज्यांचं शिक्षण सगळ्यात जास्त तुटतं तीच मुलं मोजणीतून बाहेर राहिली. सर्वेक्षणाचे आकडे वाईट आले म्हणून लोक हळहळतात. ते मुलं हजर असतानाचे आकडे आहेत, हे मी तेव्हापासून विसरले नाही.

साडेदहाला चाचणी सुरू झाली. मास्क लावलेली, नवीकोरी वही मिळाल्यासारखी ती पुस्तिका दोन्ही हातांनी धरून बसलेली मुलं. वर्ग इतका शांत की बाहेरची कोंबडी ऐकू येत होती. काही जण ओळीखाली बोट फिरवत ओठांतल्या ओठांत वाचत होते. काहींनी बोट फिरवणं दुसऱ्या पानावर सोडून दिलं आणि नुसतीच चित्रं पाहिली. त्यांच्या घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात. पुस्तिकेतली मराठी त्यांना शाळेतूनच कळलेली, आणि शाळाच दीड वर्ष बंद.

दुसऱ्या रांगेत कडेला एक मुलगी होती. प्रश्न काय होते ते इथं लिहीत नाही. पुस्तिका मोजून घेतात आणि मोजून परत करायच्या असतात, ते बरोबरच आहे. पण तिनं काय केलं ते सांगते. बेरजेचं उदाहरण आलं. तिनं समासात उभ्या रेघा ओढल्या, दहा रेघांना मिळून एक गोल केला, उरलेल्या सुट्या ठेवल्या, मग पेन्सिलीच्या टोकानं एकेक शिवत मोजल्या. उत्तर बरोबर आलं. ते तिनं प्रश्नाखालच्या मोकळ्या जागेत, वहीत लिहितात तसं सुबक लिहिलं आणि पुढे गेली. चार पर्याय तिथंच छापलेले होते, त्यांच्याकडे तिनं पाहिलंही नाही. पुढच्या गणितालाही तेच. मी फिरत फिरत तिच्याजवळ आले तेव्हा तिनं मान वर करून विचारलं, ‘बाई, इथंच लिहू ना?’

‘जे उत्तर बरोबर वाटतं त्याच्यावर खूण कर,’ हे ठरवून दिलेलं वाक्य मी म्हटलं. तिनं मान हलवली आणि पुन्हा खाली आकडा लिहिला.

तिसरीची मुलं पुस्तिकेतच खुणा करतात. यंत्रानं वाचायच्या ओएमआर उत्तरपत्रिकेवरचे गोल नंतर अन्वेषकानं भरायचे असतात. चाचणी संपल्यावर मी ते काम घेऊन बसले. मुख्याध्यापक गुरुजी समोर होते. त्या मुलीची पुस्तिका उघडली तेव्हा तेही वाकून पाहू लागले.

‘अहो मॅडम, उत्तर तर बरोबर लिहिलंय तिनं.’

‘सर, पण खूण नाही केलेली.’

‘खूण म्हणजे शेवटी उत्तरच ना?’

मी तो गोल रिकामा सोडला. गुरुजी नाराज झाले आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. ती त्यांची पोर होती, रेघांचे दशक करायला त्यांनीच शिकवलेलं. पण मीही पुन्हा तसंच करेन. मी एक गोल भरला, दुसऱ्या शाळेत दुसऱ्या अन्वेषकानं दोन भरले, तिसऱ्यानं रडणाऱ्या मुलाचं अर्ध पान भरलं, तर लाखभर शाळांमधून जो आकडा वर जाईल तो मुलांना काय येतं याचा राहणार नाही, अन्वेषक किती कनवाळू होते याचा होईल. त्या आकड्यावरून उद्या कुणी ‘मुलांना सगळं येतंय, जादा शिक्षक कशाला हवेत’ असं म्हणालं तर तिचंच नुकसान. खरा आकडा वाईट असला तरी तो तिच्या बाजूचा आहे.

आणि तरीही तिची बेरीज कुठेच मोजली गेली नाही, हेही खरं. हे दोन्ही मनात घेऊन मी परत आले. त्यानंतर चारच महिन्यांनी, मार्च २०२२ मध्ये, एनसीईआरटीनंच पायाभूत अध्ययनाचा वेगळा अभ्यास केला. त्यात तिसरीच्या सुमारे ८६ हजार मुलांची एकेकट्यानं, समोर बसवून, तोंडी तपासणी झाली. तसं कुणी तिच्यासमोर बसलं असतं तर रेघा, दशक, सुटे हे सगळं त्याला दिसलं असतं. लाखो मुलांचं तसं करणं अवघड आहे, माणसं लागतात, वेळ लागतो. म्हणून एकाच कागदावर सगळ्यांना तोलतात. पण लहान मुलांच्या बाबतीत कागदी चाचणीच्या शेजारी तोंडी चाचणी असायलाच हवी, हे माझं मत त्या समासातल्या रेघांनी पक्कं केलं.

मुलांना एक प्रश्नावलीही असते, घरची भाषा कोणती, शाळेत कसे येता, अशा स्वरूपाची. देशपातळीवर त्यातून निघालं की ४८ टक्के मुलं चालत शाळेत येतात, आणि महामारीच्या काळात २४ टक्के मुलांच्या घरी कुठलंही डिजिटल साधन नव्हतं. माझ्या त्या वर्गात हे विचारताना उत्तर आधीच ठाऊक असायचं.

निकाल मे २०२२ मध्ये आला. पाचशेच्या मापावर देशातल्या तिसरीची भाषा २०१७ मध्ये ३३६ होती ती ३२३ झाली, गणित ३२१ वरून ३०६. पाचवीचं गणित तर ३१० वरून २८४ वर घसरलं. जिल्ह्याजिल्ह्याची प्रगतिपत्रकंही निघाली. मी नाशिकचं उघडून एकेक अध्ययन निष्पत्ती, म्हणजे त्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं ते, वाचत गेले आणि मला पहिल्यांदा जाणवलं की हे वाचायला शिकावं लागतं. राज्य कितव्या क्रमांकावर एवढंच पेपरात आलं. त्या गुरुजींना मी मुद्दाम फोन केला होता. त्यांच्यापर्यंत काहीही पोचलेलं नव्हतं. ज्यांच्या मुलांनी तो आकडा तयार केला त्यांच्या हाती त्यातलं एक पानही नाही.

मधली दोन वर्षं माझ्याच परीक्षांची. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग २०२३ ची शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी: दोनशे गुण, दोन तास, संगणकासमोर. तिच्यावरूनच शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव लागलं आणि २०२४ मध्ये नेमणूक मिळाली. वशिला नाही, देणं-घेणं नाही, गुणांप्रमाणे यादी. आमच्या घरातून कुणी नोकरीला लागलं ते अशा एकसारख्या परीक्षेमुळेच, हे मी विसरत नाही. तिच्यात शिकवता येतं का हे तपासलं जात नाही, हे मात्र मला वर्गात पाऊल टाकल्यावर कळलं.

वर्गात आले तर तिथं नियतकालिक मूल्यांकन चाचणी होती. स्टार्स या सरकारी शिक्षण प्रकल्पातली, वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत, मग संकलित एक, मग संकलित दोन, प्रथम भाषा, गणित, इंग्रजी. राज्यभर प्रश्नपत्रिका एकच, पण तपासायची आपण आणि गुण भरायचेही आपणच, मोबाइलवरच्या चॅटबॉटमध्ये. प्रश्नपत्रिका तशी चांगली असते. लेखीबरोबर तोंडीही असते, त्यामुळे लहान मुलांना न्याय मिळतो. पायाभूत चाचणीवरून मला माझ्या वर्गातली कोण कुठे अडलीत ते पहिल्या महिन्यातच दिसलं. तिचा खरा उपयोग तिथंच. पण त्याच गुणांवरून शाळा-शाळांची तुलना सुरू झाली की बिघडतं. पायाभूतला कमी आणि संकलित दोनला जास्त गुण दाखवले की प्रगती झाली असं कागदावर सिद्ध होतं, हे सगळ्यांना समजतं. मी कुणावर आरोप करत नाही. एवढंच म्हणते की आपणच शिकवलं, आपणच तपासलं आणि त्याच गुणांवरून आपल्याला जाब विचारला जाणार असेल, तर आकड्यावरचा विश्वास उडायला वेळ लागत नाही.

मग ४ डिसेंबर २०२४ चं परख राष्ट्रीय सर्वेक्षण आलं. संपादणूक सर्वेक्षणाचंच नवं रूप, या वेळी तिसरी, सहावी आणि नववीसाठी. सुमारे २१ लाख मुलं, ७४ हजार शाळा, ७८१ जिल्हे. निवडलेल्या शाळांत आमची शाळा होती आणि वर्ग माझा.

सप्टेंबर-ऑक्टोबरपासूनच हवा बदलली. सराव प्रश्नपत्रिका येऊ लागल्या. एका बैठकीत एका अधिकाऱ्यांनी सांगितलं, ‘मागच्या वेळी आपण कुठे होतो ते आठवा. या वेळी खाली गेलेलं चालणार नाही.’ शेजारच्या एका शाळेत नोव्हेंबरभर तिसरीला दुसरं काही शिकवलंच गेलं नाही: सकाळी सराव पेपर, दुपारी त्याच पेपरची उत्तरं. मुलं पर्यायाचा क्रमांक पाठ करत होती. याला मी ठामपणे विरोध केला, आमच्या केंद्रातही, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातही, बोलले. जे शीत दाबून पाहायचं तेवढंच वेगळ्या भांड्यात काढून जास्त शिजवलं, तर भाताचं काय कळणार? सर्वेक्षण मुलाला काही देत नाही आणि त्याच्याकडून काही काढूनही घेत नाही, हीच त्याची ताकद आहे. आपण त्यात भीती घातली की त्याची स्कॉलरशिप होते, फक्त फ्लेक्सवर मुलाऐवजी जिल्ह्याचं नाव लागतं.

पण खूण कशी करायची ते मी माझ्या वर्गाला शिकवलं. सुरगाण्याच्या त्या मुलीनंतर ते न शिकवणं मला जमण्यासारखं नव्हतं. एका तासाला फळ्यावर चार चित्रं काढली, चौकट आखली, ‘उत्तर मनात आलं की त्याचं घर शोधायचं’ असं सांगून खेळ घेतला. सगळी मुलं हसत खेळत तयार झाली. तेवढं पुरतं. उरलेले दिवस आम्ही नेहमीचं शिकलो.

चाचणीच्या दिवशी मी वर्गाबाहेर व्हरांड्यात होते आणि आत एक अनोळखी तरुण मुलगा माझ्या मुलांना सूचना वाचून दाखवत होता. आतून एका मुलानं ‘सर, हे काय आहे?’ विचारलेलं ऐकू आलं, आणि त्यानं ठरलेलं वाक्य म्हटलं. तीन वर्षांपूर्वी गुरुजींना काय वाटलं असेल ते त्या क्षणी मला नीट कळलं. आत जाऊन सांगावंसं फार वाटलं. गेले नाही.

परखचा निकाल जुलै २०२५ मध्ये जाहीर झाला. व्हॉट्सअॅपवर राज्यांच्या क्रमवाऱ्या फिरल्या. मी या वेळी अहवालातली एकच ओळ धरली: देशात तिसरीच्या ५५ टक्के मुलांना ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमानं लावता येतात. म्हणजे जवळपास निम्म्यांना येत नाहीत. आमची पोरं शंभरपर्यंत अंक धाडधाड म्हणतात, त्यांना हे येणारच, असं शिक्षकखोलीत सगळ्यांचं म्हणणं पडलं. मी पुठ्ठ्याच्या कार्डांवर ४७, ७४, ३९, ९३ लिहून नव्या तिसरीतल्या एकेकाला जवळ बसवून लावायला दिली. कितीतरी जण ४७ आणि ७४ पाशी थबकले. सत्तेचाळीस ऐकताना सात आधी येतो, म्हणून एक जण ७४ वर बोट ठेवून ‘सत्तेचाळीस’ म्हणाला, आणि त्याच मुलानं आदल्या मिनिटाला एक ते शंभर न चुकता म्हणून दाखवलं होतं. आम्ही पाठांतर तपासत होतो. मग काड्यांचे गठ्ठे काढले. चार गठ्ठे सात काड्या एका हातात, सात गठ्ठे चार काड्या दुसऱ्या हातात, आणि कुठला हात जड ते सांगायचं. श्रावण संपेपर्यंत बहुतेक मुलं कार्डं बिनचूक लावू लागली.

हे मी केंद्राच्या शिक्षण परिषदेत मांडलं. एका सरांनी लगेच विचारलं, ‘आपल्या केंद्राचा आकडा किती?’ केंद्राचा आकडा नसतोच, सर्वेक्षण तेवढ्या खाली उतरतच नाही, हे समजावण्यात वेळ गेला. पण मग ठरलं की दर महिन्याला अहवालातली एक निष्पत्ती घ्यायची आणि प्रत्येकानं आपल्या वर्गात ती तोंडी तपासून यायची, गुण न लिहिता. पहिल्यांदा संख्यांचा क्रम झाला. मग सहावीचे दहापर्यंतचे पाढे घेतले, कारण देशात ते ५३ टक्क्यांनाच येतात असं परख सांगतं. उच्च प्राथमिकच्या दोन मॅडम तर मुलांनी पाढा म्हटल्यावर सात आठं किती हे मध्येच विचारून आल्या आणि बरंच काही घेऊन आल्या.

द्राक्षबागांवर गेलेल्या मुलांचा प्रश्न मी तिथंच काढला. ती मुलं कुठल्याच सर्वेक्षणात सापडत नाहीत, आणि परत येतात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक देतात, म्हणजे जिथं जातील तिथल्या शाळेत त्यांना बसता यावं. पण त्यावर मुलाला काय येतं ते नेमकं लिहिलेलं क्वचितच दिसतं. आम्ही दहा तोंडी प्रश्न ठरवले आहेत. मूल जाताना एकदा आणि परत आल्यावर एकदा तेच प्रश्न विचारायचे आणि पत्रकाच्या मागे गुणांऐवजी वाक्यांत नोंद करायची: ‘दशक-सुटे करते, हातचा अडतो’, ‘जोडाक्षरं वाचत नाही, गोष्ट नीट सांगतो’. दिंडोरीकडच्या एका शाळेतल्या बाईंनी अशी एक नोंद वाचून मला फोन केला आणि हातच्यापासूनच सुरुवात केली.